टपेट वाजत नाहीत म्हणजे सगळं ठीक? मॅटाडोरचं जुनं इंजिन आणि माझा प्रॉब्लेम स्टेटमेंट

पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट काय?’ असं विचारलं की आपण बहुतेक जण विषय सांगून मोकळे होतो. ‘जुन्या डिझेल इंजिनातील दोषांचे निदान’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मीसुद्धा पहिल्या मुलाखतीत हेच वाक्य म्हटलं होतं आणि समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं होतं, “बरं, मग अडलंय कुठे?” त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. अडलंय कुठे ते पुढे एका मॅटाडोरने दाखवलं. आज तिचीच गोष्ट सांगतो. त्यात थोडं इंजिन येईल आणि थोडी मोजमापाची पद्धत.

गाव धर्मापुरी, तालुका परळी. बाहेरच्या माणसाला केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला एवढंच माहीत असतं. तिथल्या एका काकांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. सगळा धंदा एका जुन्या मॅटाडोरवर. जानेवारीत थंडी पडली आणि गाडी सकाळी चालू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, मग चार पोरं धक्का द्यायची, मग पांढऱ्या धुराचा लोट आणि दोन-तीन मिनिटं थडथड. एकदा गरम झाली की दिवसभर बरी चालायची. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून धूर फुसफुसत होता. “बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिन बसलंय. बोअर करावं लागंल.”

फुल इंजिनचं काम म्हणजे हंगामाच्या तोंडावर मोठा खर्च आणि गाडी कमीत कमी आठवडाभर उभी. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “तू इंजिनवरच शिकतोस ना? मग सांग, करू का नको?” माझ्याकडे दोन वर्षांचं वाचन होतं, आणि या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

इंजिन कुठलं, आकडे कुठले

मराठीत आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. हा शब्द मुळात हॅम्बुर्गजवळच्या टेम्पो नावाच्या जर्मन कंपनीचा. तिच्याशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली, तीच २००५ पासून फोर्स मोटर्स. मॅटाडोर ही त्यांची व्हॅन. पुढे तिच्यात आणि ट्रॅक्समध्ये जे डिझेल इंजिन लोकांच्या ओळखीचं झालं, ते मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाच्या परवान्यावर बनलेलं. ओएम म्हणजे जर्मनमध्ये ‘ओएलमोटर’, तेलावर चालणारं इंजिन. १९७३ मध्ये मर्सिडीजच्या २४० डी या कारमध्ये ते आलं, १९७७ पासून त्यांच्या व्हॅनमध्येही बसलं. म्हणजे अंबाजोगाईच्या वडापमध्ये खच्चून बसलेल्या माणसांच्या पुढ्यात जे इंजिन होतं, त्याच घराण्यातलं इंजिन जर्मनीत टॅक्सीवाले चालवत होते.

रचना साधी आहे. चार सिलिंडर ओळीत, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. वर एकच कॅमशाफ्ट, ती टायमिंग चेनने फिरते, आणि इंजेक्शन पंपही त्याच चेनवर. डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडत नाही. हेडमध्ये एक छोटी कोठी असते, प्री-चेंबर, तिच्यात पडतं आणि तिथून पेटून पिस्टनवर येतं. कॉम्प्रेशन रेशो २१:१. सुरुवातीच्या रूपात ताकद ४२०० आरपीएमला ६५ पीएस आणि टॉर्क २४०० आरपीएमला १३७ न्यूटन-मीटर.

आता क्षमता. ‘२४०४ सीसी’ आणि ‘२३९९ सीसी’ असे दोन्ही आकडे तुम्हाला सापडतील, कधीकधी एकाच प्रबंधात, वेगवेगळ्या पानांवर. यातला खरा कुठला? कॅल्क्युलेटर काढा. स्ट्रोक ९२.४ मिमी. बोअर ९१.० मिमी धरली तर चार सिलिंडरचं घनफळ २४०४ येतं, ९०.९ धरली तर २३९९. दोन्ही खरे आहेत. १९७८ मध्ये मूळ इंजिनाची बोअर ०.१ मिमीने कमी झाली. याच वेळी ताकद ६५ वरून ७२ पीएस झाली, तीही ४४०० आरपीएमला. कोणी हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘बोअर कमी केल्याने ताकद वाढली’ असं लिहिलं तर ते अर्थातच चूक आहे. बाकीचे बदलही त्याच वेळी झाले होते. पण असली वाक्यं छापून येतात, म्हणून सांगतो.

हा ०.१ मिमीचा फरक मोठा की छोटा? ताकदीच्या हिशोबात ५ सीसी म्हणजे काहीच नाही. बोअरिंगच्या दुकानात मात्र पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजतात. तिथे ०.१ मिमी म्हणजे चुकीचा पिस्टन. फोर्सने पुढे याच घराण्यात २५९६ सीसीचं इंजिन केलं. तेही करून बघा: बोअर ९०.९, स्ट्रोक १००. आकडा बरोबर येतो. वाचलेला प्रत्येक आकडा असा एकदा स्वतः काढून बघायची सवय लावा, दोन मिनिटांचं काम असतं.

थंडीतच का?

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटावं. १० अंशांची हवा २१ पट दाबली तर पुस्तकी सूत्राने, म्हणजे उष्णता बाहेर जातच नाही असं धरून, ती ६८० अंश सेल्सिअसच्या आसपास जायला हवी. प्रत्यक्षात सेल्फ इंजिनाला हळू फिरवतो, भिंती थंडगार असतात आणि प्री-चेंबरमुळे हवेला स्पर्श होणारा थंड पृष्ठभाग आणखी वाढतो. उष्णता तिथेच निघून जाते. म्हणून या इंजिनाला हीटर प्लग लागतो. जुन्या पद्धतीचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की चारही गेले. नंतरच्या पेन्सिल हीटरमध्ये एक गेला तर तीन चालतात, गाडी चालू होते पण मिसिंग करते. काकांच्या गाडीचे हीटर मिस्त्रींनी आधीच तपासले होते, चारही तापत होते.

म्हणजे संशय उरला गळतीवर. दाबलेली हवा कुठून तरी निसटतेय. निसटायच्या वाटा मोजक्या: पिस्टन रिंगमधून खाली, इनटेक व्हॉल्व्हमधून मागे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे, किंवा हेड गॅसकेटमधून पाण्यात नाहीतर शेजारच्या सिलिंडरमध्ये. बोअर करून फक्त पहिली वाट बंद होते. मिस्त्रींचं निदान पहिल्या वाटेचं होतं, आणि पुरावा होता झाकणातून येणारा धूर.

इथे थांबा, कारण संशोधनाच्या दृष्टीने कळीची जागा हीच आहे. लाखो किलोमीटर पळालेल्या कुठल्याही इंजिनाचं झाकण उघडलं तरी थोडा धूर येतोच. रिंग खराब असताना धूर येतो आणि दोष व्हॉल्व्हमध्ये असतानाही येतो. मग धूर दिसल्यामुळे दोघांतलं एक निवडायला मदत किती झाली? फारशी नाही. पुरावा खोटा नव्हता, तो या प्रश्नाचा पुरावाच नव्हता. आपण सर्व्हे करतो, ‘ऐंशी टक्के नादुरुस्त इंजिनांत हे लक्षण दिसलं’ असं लिहितो, आणि चांगल्या इंजिनांत ते किती दिसतं हे बघतच नाही. तीच चूक.

माझं मोजमाप आणि त्यातली चूक

मी परळीहून डिझेलचं कॉम्प्रेशन गेज आणलं. दुरुस्तीच्या पुस्तकातला नियम असा: इंजिन गरम असावं, नवं असेल तर २२ ते २४ बार, किमान साधारण १५, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. आता तुमच्यातला हुशार माणूस म्हणेल, २१ चा १.४ घात काढला तर ७१ बार येतात, मग नव्या इंजिनाला २४ च का? तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यानंतर बंद होतो, म्हणून दाबली जाणारी हवा मुळात कमी. हळू फिरताना उष्णता आणि हवा दोन्ही गळतात. शिवाय गेजच्या अडॅप्टरमध्ये स्वतःची पोकळी असते. एका सिलिंडरची ६०१ सीसी हवा या इंजिनात जेमतेम ३० सीसीत दाबली जाते. त्यात अडॅप्टरने ५ सीसी वाढवले तर रेशो २१ वरून १८ च्या आसपास येतो! म्हणजे ‘किमान १५ बार’ हा निसर्गनियम नाही. तो या इंजिनाचा, या पद्धतीने मोजलेला आकडा आहे. स्पेसिफिकेशन उद्धृत करताना मोजायची पद्धतही लिहा, असं गाईड का म्हणतात ते मला इथे कळलं.

गाडी धक्क्याने चालू करून गरम केली, बंद केली, हीटर काढले, डिझेल बंद ठेवून एक ते चार ओळीने मोजलं. आकडे आले १५, १७, १६, १३. मी ऐटीत सांगितलं, चार नंबर सिलिंडर गेलंय.

मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी धक्क्याने चालू केली, आणि ती थडथडत असतानाच त्यांनी नोझलच्या लाईनी एकेक करून ढिल्या केल्या. दोन, तीन, चार ढिली केली की इंजिनाचा आवाज पडायचा. एक नंबर ढिली केली तर फरकच नाही. म्हणजे एक नंबर मुळात जळतच नव्हता. “चार न्हाई. एक नंबर हाय,” एवढंच म्हणाले.

दोन तपासण्या, दोन उत्तरं. माझं गेज नवं होतं, त्यांच्याकडे फक्त पाना आणि कान. रात्री गाईडना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “क्रम उलटा करून मोजलंस का?”

नव्हतं मोजलं. आधीच दमलेली बॅटरी, प्रत्येक सिलिंडरसाठी पाच-सहा सेकंद सेल्फ. चौथ्याची पाळी येईपर्यंत सेल्फ रडायला लागला होता. इंजिन हळू फिरलं की आकडा खाली येतो. एक नंबर खराब होता, पण तो ताज्या बॅटरीवर मोजला गेला म्हणून बरा दिसला. चार नंबर चांगला होता, पण शेवटी आला म्हणून वाईट दिसला. मी सिलिंडर मोजत होतो असं मला वाटत होतं. अर्धं मी बॅटरी मोजत होतो. मानसशास्त्रवाले याला क्रम-परिणाम म्हणतात आणि प्रश्नावलीतले प्रश्न उलटसुलट करतात. इंजिनवाल्यांनाही तेच लागू, फक्त आपल्या डोक्यात येत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची बॅटरी जोडून चार ते एक असं मोजलं: १९, २०, १९, १५. चित्र बदललं. तीन सिलिंडर बऱ्यापैकी, एक किमान पातळीवर, फरक ३ पेक्षा जास्त. चारही सारखे खाली असते तर बोअर घासल्याचा संशय बळावला असता. एकच खाली म्हणजे त्या सिलिंडरमध्ये काहीतरी वेगळं. काय वेगळं, ते गेज सांगत नाही. पेट्रोल इंजिनात लोक थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात, आकडा वाढला तर दोष रिंगचा. इथे ती युक्ती भरवशाची नाही. ऑइल प्री-चेंबरमध्ये अडतं, रिंगपर्यंत नीट पोचत नाही, आणि जास्त पडलं तर ३० सीसीच्या जागेत पिस्टन अडकायची भीती. म्हणून पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत ठेवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हीटरच्या भोकातून हवा सोडली आणि कान लावला. ऑइलच्या झाकणात किंचित फुसफूस. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट सूं-सूं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

न वाजणारा दोष

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वरचं कव्हर काढलं. या इंजिनात कॅम आणि रॉकर यांच्यात थंड असताना फट हवी: इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३०. एक नंबरच्या एक्झॉस्टमध्ये ०.०५ ची पट्टीसुद्धा जाईना. म्हणजे व्हॉल्व्ह कधी पूर्ण बसतच नव्हता.

मी मिस्त्रींना विचारलं, टपेट शेवटचे कधी सेट केले? उत्तर आलं, “वाजत न्हाईत की. वाजलं तर सेटिंग करायचं.”

या उत्तरात तर्क आहे, आणि बऱ्याच इंजिनांत तो चालून जातो. फट वाढली की टकटक ऐकू येते. पण इथे साधारण उलटं होतं. व्हॉल्व्ह लाखो वेळा सीटवर आपटून आपटून हेडमध्ये थोडा थोडा आत रुततो, त्याचं वरचं टोक कॅमच्या दिशेने सरकतं आणि फट कमी होत जाते. इंजिन उलट जास्त शांत वाटायला लागतं. मालक खूश, मिस्त्री खूश. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. गरम असताना इंजिन तेवढी गळती सोसतं, थंडीत सोसत नाही. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला सीटला टेकणं हाच मुख्य मार्ग असतो. टेकला नाही तर त्याची कड जळते. मग पानं-पट्टीचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. दोष आवाज करत नाही म्हणून तो महाग होतो.

काकांचं नशीब, कड अजून फारशी जळली नव्हती. व्हॉल्व्हच्या टोकावर दोन नट असतात, एकाने फट ठरवायची, दुसऱ्याने लॉक करायचं. आठही सेट केले. जवळपास सगळेच घट्ट होते, एक नंबर सगळ्यात जास्त. आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा मोजलं, या वेळी ट्रॅक्टरची बॅटरी आणि दोन्ही क्रमांनी: एक नंबर १८ वर आला. सकाळी गाडी सेल्फवर चालू होते. पहिली काही सेकंद पांढरा धूर येतो, झाकणातून फुसफूसही आहेच. इंजिन म्हातारं आहे हे मिस्त्रींचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या महिन्यात बोअर करायची गरज मात्र नव्हती.

बाकीची नेहमीची दुखणी

पांढऱ्या धुराचं आणखी एक कारण टायमिंग चेन. ती लांबली की कॅम मागे पडते, आणि इंजेक्शन पंपही त्याच चेनवर असल्याने तोही मागे पडतो. डिझेल उशिरा पडतं, नीट जळत नाही, पिकअप जातं. लोक नोझल बदलतात, पंप कॅलिब्रेट करून आणतात, दोष तसाच राहतो, कारण पंप उतरवून पुन्हा त्याच लांबलेल्या चेनवर बसवलेला असतो. त्याआधी कव्हर काढून कॅमवरची खूण आणि पुढच्या पुलीवरचे अंश जुळतात का, हे बघायला फुकट आहे.

काळ्या धुराला आधी एअर फिल्टर बघा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो. मग नोझल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, व्हॉल्व्ह गाईड किंवा रिंग. रात्रभर उभी राहून सकाळी चालू न होणाऱ्या गाडीत कधीकधी कॉम्प्रेशन उत्तम असतं आणि डिझेलची लाईन हवा पकडत असते. हातपंप मारल्यावर चालू झाली तर तिकडे बघायचं.

आणि पाणी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात (ही दुसरी बोअर, शेतातली). जड पाण्याचे क्षार आत थर धरतात, उष्णता बाहेर जात नाही, आणि भरलेली गाडी घाट चढताना हेड गॅसकेट जातं. अशा गाडीला चढावर ताकद कमी वाटली की ड्रायव्हर वरच्या गिअरमध्येच पाय दाबून ठेवतो. या इंजिनाचा टॉर्क २४०० आरपीएमच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, त्याच्या फार खाली ओढत नेण्यात ना ताकद मिळते ना थंडावा, कारण पाण्याचा पंप आणि पंखाही तेवढेच हळू फिरतात.

मग प्रश्न काय ठरला?

सरांच्या ‘अडलंय कुठे?’ला आता माझ्याकडे उत्तर होतं. गावच्या गॅरेजमध्ये दोष शोधता येत नाही असं नाही. मिस्त्रींनी सिलिंडर अचूक ओळखला होता. अडतं ते पुढच्या पायरीवर, दोष रिंगचा की व्हॉल्व्हचा हे ठरवताना. आणि गेजने ठरवायला गेलं तर बॅटरी मध्ये येते.

सेल्फला लागणारा करंट क्लॅम्प मीटरने नोंदवला तर प्रत्येक सिलिंडर दाबला जाताना एक उंचवटा दिसतो. इंजिन २०० आरपीएमने फिरत असेल तर दर १५० मिलिसेकंदाला एक. ज्या सिलिंडरमधून हवा गळते त्याचा उंचवटा ठेंगणा. ही पद्धत मी शोधलेली नाही, ती आधीपासून वापरात आहे. मला ती आवडली ती एका कारणासाठी: चारही सिलिंडर त्याच दोन-तीन सेकंदांत, त्याच बॅटरीवर मोजले जातात. माझी चूक तिथे करताच येत नाही. तिची मर्यादाही तितकीच ठळक आहे. ती फक्त तुलना सांगते. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील तर आलेख देखणा दिसतो आणि इंजिन तरीही बोअरलाच आलेलं असतं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये मी शेवटी लिहिलं ते असं: प्री-चेंबर असलेल्या जुन्या चार सिलिंडर डिझेल इंजिनात, बॅटरीची स्थिती बदलत असताना, सेल्फच्या करंटवरून व्हॉल्व्हची गळती आणि रिंगची गळती किती खात्रीने वेगळी ओळखता येते, आणि कुठे ओळखता येत नाही? शेवटचा तुकडा कमिटीतल्या एकांना खटकला, “नाही येत हे कशाला लिहायचं?” म्हणाले. गाईडनी तो ठेवायला लावला.

काकांनी आता टपेटच्या सेटिंगची तारीख गाडीच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवली आहे. पावसाळ्यात पुसेल म्हणून मी पेंटने लिहा म्हटलं, तर म्हणाले, “पुढच्या बारीला तारीख बदलायची न्हाई व्हय?”